सभेत बोलावे कसे?

वक्तृत्वस्पर्धा झाली नाही असे एकही वर्ष आमच्या शाळांतून जात नाही. पुण्यतिथी असो, जयंती असो वा स्नेहसंमेलन असो, कोणी तरी विद्यार्थी व्यासपीठावर चढतो, ‘अध्यक्षमहाशय, पूज्य गुरुजन आणि माझ्या बंधुभगिनींनो’ हे शब्द एका दमात उच्चारतो, ठरलेल्या ठिकाणी उजवा हात उंच करतो, ठरलेल्या ठिकाणी स्वर चढवितो आणि चार मिनिटांनी टाळ्यांच्या गजरात खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी त्यालाच विचारावे की, काल तू काय सांगितलेस? तर त्याला ते सांगता येत नाही. ऐकणाऱ्यांस तर नाहीच नाही. ह्यास पाठांतर म्हणता येईल. पाठांतर ही चांगली गोष्ट आहे. स्मरणशक्तीला त्याने वळण लागते. परंतु त्याला वक्तृत्व म्हणणे योग्य नव्हे.

मग वक्तृत्व म्हणजे काय? आमच्या मते त्याचे मूळ तत्त्व एकच आहे. भाषण हे ऐकणाऱ्याच्या उपयोगासाठी असते. सभेतून उठून घरी जाताना श्रोत्याच्या पदरात काही पडले पाहिजे: एखादी नवी माहिती, एखादा विचार, एखादे काम करण्याची इच्छा. हे तत्त्व ध्यानी धरले म्हणजे तयारीचे बाकीचे सर्व नियम त्यातून क्रमाने निघतात. प्रस्तुत लेखात ते नियम आमच्या विद्यार्थ्यांसाठी, आणि त्यांच्याइतकेच त्यांच्या पालकांसाठी, मांडण्याचे योजिले आहे.

१. ऐकणारा कोण आहे?

तयारीचा आरंभ विषयापासून होतो असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो श्रोत्यापासून झाला पाहिजे. समोर कोण बसणार आहेत? त्यांचे वय काय, धंदा कोणता? ह्या विषयाची त्यांना आधीच किती माहिती आहे? त्यांना कशाची काळजी वाटते? ह्या प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढल्याखेरीज पुढे जाऊ नये.

ह्याचे एक उत्तम उदाहरण आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९३० साली महात्मा गांधींनी दांडीस मिठाचा कायदा मोडला. समुद्रकाठच्या माणसाला त्या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. पण यवतमाळला समुद्र कोठे आहे? येथील शेतकऱ्याच्या दारात जो कायदा रोज उभा होता तो जंगलाचा. गुरांसाठी गवत कापावे तर मनाई, सरपण आणावे तर दंड. म्हणून मूळच्या वणीच्या लोकनायक बापूजी अणे ह्यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून जंगल सत्याग्रह केला. तत्त्व तेच राहिले, फक्त मिठाच्या जागी गवत आले. आणि जे लोकांना दूरचे वाटले असते ते त्यांना आपल्या गोठ्यातले वाटले. वक्त्यानेही हेच करावयाचे असते. आपल्या विषयाचे ‘गवत’ कोणते, म्हणजे ह्याच श्रोत्यांच्या रोजच्या आयुष्यातील त्याचे उदाहरण कोणते, हे शोधून काढल्यावाचून त्याने सभेत उभे राहू नये.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले संत गाडगेबाबा ह्या कलेत अद्वितीय होते. त्यांना अक्षरज्ञान नव्हते. ज्या गावी कीर्तन करावयाचे त्या गावी ते दिवसा हाती खराटा घेऊन रस्ते झाडीत. त्यात गावाची सेवा तर होतीच, परंतु गावाची पाहणीही आपोआप होई. घाण कोठे आहे, दारूचे दुकान कोठे आहे, पोरे शाळेत आहेत की उकिरड्यावर आहेत, हे रात्री कीर्तनास उभे राहण्यापूर्वीच त्यांना ठाऊक झालेले असे. मग कीर्तनात ते उपदेशाची लांबलचक वाक्ये बोलत नसत; ते प्रश्न विचारीत. साध्या वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न येई, लोक उत्तर देत, आणि उत्तरे देता देता कर्ज काढून केलेले सण, नवसाला दिलेले बकरे, मुलांचे बुडालेले शिक्षण ह्यांविषयीचा निष्कर्ष लोकांच्याच तोंडून बाहेर पडे. जो निष्कर्ष श्रोत्याने स्वतः उच्चारला, तो तो सहसा विसरत नाही.

२. एक वाक्य

श्रोता ठरला म्हणजे दुसरी पायरी. आपल्या सबंध भाषणाचे सार एका वाक्यात लिहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर आपले काय म्हणणे आहे हे आपल्यालाच अद्याप समजलेले नाही, असे निश्चित समजावे.

केवळ नियम सांगून भागत नाही, म्हणून एक खरा विषय घेऊन पाहू. २०१७ सालच्या पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे २० शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या साली पऱ्हाटी बरीच उंच वाढली होती. त्यामुळे फवारा पायांपाशी न पडता छातीवर व तोंडावर येत होता. कित्येकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती, आणि अंगावर पुरेसे संरक्षण नव्हते. आता अशी कल्पना करा की, दहावीतील एका विद्यार्थिनीस तिच्या गावी शेतकऱ्यांच्या बैठकीत ह्या विषयावर पाच मिनिटे बोलावयाचे आहे.

‘कीटकनाशके : शाप की वरदान?’ असा मथळा तिच्या मनात प्रथम येईल, कारण स्पर्धांतून तसेच विषय असतात. तो तिने बाजूस ठेवावा. समोर बसलेल्यांना उद्या सकाळी पंप पाठीवर घ्यावयाचा आहे; त्यांना शाप-वरदानाच्या वादाशी कर्तव्य नाही. तिचे एक वाक्य असे असावे: ‘अंग झाकल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका.’

आता ह्या वाक्याला आधार देणारी माहिती गोळा करावयाची. विष शरीरात तीन वाटांनी शिरते: कातडीतून, श्वासातून आणि तोंडातून. म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, डोळ्यांना चष्मा व नाकातोंडावर मुखपट्टी हवी; वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये; फवारणी चालू असता खाणे, पाणी पिणे, विडी ओढणे किंवा तंबाखू मळणे वर्ज्य; नळीचे तोंड तुंबले तर ते फुंकून मोकळे करू नये. औषधाच्या डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो: तांबडा म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्या मानाने सौम्य. ही खूण ज्याला वाचता येत नाही त्यालाही ओळखता येते. काम झाल्यावर साबणाने अंघोळ करावी व कपडे निराळे धुवावे. चक्कर, मळमळ, धूसर दिसणे असे काही होताच औषधाचा डबा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. कोणते विष आहे हे डॉक्टरांना त्यावरून कळते.

ही माहिती मिळवावयाची कोठून? पाठ्यपुस्तकातून, डब्यावरील पत्रकातून, कृषिसेवकाकडून, गावच्या डॉक्टरांकडून आणि ज्यांनी आयुष्यभर फवारणी केली त्या शेतकऱ्यांकडून. जेवढे सांगावयाचे त्याच्या तिप्पट ठाऊक असावे. उरलेले वाया जात नाही. प्रश्न विचारले गेले म्हणजे तेच कामी येते. जे पक्के ठाऊक नाही ते मात्र सभेत सांगू नये. एक चुकीचा आकडा पकडला गेला की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

३. मांडणी

माहितीचा ढीग म्हणजे भाषण नव्हे. तिला क्रम लागतो, आणि तो कसा लावावा हे शिकण्यासाठी आम्हां मराठी लोकांना दूर जाण्याची गरज नाही. नारदीय कीर्तनाचे दोन भाग सर्वांस परिचित आहेत. पूर्वरंगात बुवा एखादे पद घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण करतात. उत्तररंगात तेच तत्त्व पटविणारे आख्यान लावतात. तत्त्व आणि कथा यांची ही जोडी इतकी परिणामकारक आहे की, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपदेशासाठीही कीर्तनाचाच मार्ग पत्करला. नुसते तत्त्व सांगितले तर श्रोता पेंगतो. नुसती कथा सांगितली तर तो हसतो, पण रिकाम्या हाताने घरी जातो.

दुसरा धडा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांपासून घ्यावा. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी समारोपाचे भाषण केले. विषय अवाढव्य होता. तरीही लोकशाही टिकवावयाची तर काय करावे, हे सांगताना त्यांनी तीनच गोष्टी क्रमवार सांगितल्या: आपली उद्दिष्टे सनदशीर मार्गानेच साधावीत; कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये; आणि केवळ राजकीय लोकशाहीवर संतुष्ट न राहता सामाजिक लोकशाही आणावी. पहिली, दुसरी, तिसरी असे अंक घातल्यामुळे श्रोत्याला आपण कोठवर आलो हे कळते, आणि आज इतक्या वर्षांनी ते भाषण वाचणाऱ्यालाही त्या तीन गोष्टी बोटांवर मोजता येतात. आमच्या विद्यार्थ्यांनी पाच मिनिटांत तीनांहून अधिक मुद्दे कधीही घेऊ नयेत.

तेव्हा आमच्या विद्यार्थिनीची मांडणी येणेप्रमाणे होईल. आरंभी २०१७ साली आपल्या जिल्ह्यात काय घडले ते तीन-चार वाक्यांत. मग तिचे एक वाक्य. मग तीन मुद्दे: विषाच्या तीन वाटा, डब्यावरचे चार रंग, काम संपल्यावरची काळजी. शेवटी पुन्हा तेच एक वाक्य, आणि उद्या सकाळी काय करावे ह्याची एकच विनंती. आरंभी ‘माझी योग्यता नसताना मला बोलण्याची संधी दिली’ इत्यादी मजकुरात एक मिनिट घालवू नये. पाचांतील एक मिनिट म्हणजे भाषणाचा पाचवा हिस्सा होय.

४. लांबी आणि भाषा

दिलेल्या वेळेच्या आत बसणे हे श्रोत्याविषयीच्या आदराचे पहिले लक्षण आहे. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्ग येथील रणभूमीवर दोन भाषणे झाली. एडवर्ड एव्हरेट हे त्या काळचे गाजलेले वक्ते सुमारे दोन तास बोलले. अध्यक्ष लिंकन सुमारे दोनच मिनिटे बोलले. जगाने लक्षात ठेवले ते लिंकनचे भाषण. आणि स्वतः एव्हरेट ह्यांनीही दुसऱ्याच दिवशी लिंकनला पत्र लिहून त्याची मनमोकळी वाखाणणी केली. सावकाश व स्पष्ट बोलणारा मनुष्य मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो. म्हणजे पाच मिनिटांस पाचशे शब्द झाले. ह्याहून अधिक लिहिले असेल तर वेग वाढवू नये, मजकूर कमी करावा.

भाषेविषयी आम्हांस थोडे आग्रहाने लिहावयाचे आहे. आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांच्या घरी वऱ्हाडी बोलली जाते; कित्येकांच्या घरी गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलली जाते. ही मुले वर्गात गप्प बसतात, आणि त्यांस बोलावयास काही सुचत नाही असा शिक्षकांचा ग्रह होतो. खरी गोष्ट अशी असते की, त्यांना सुचते पुष्कळ, पण आपले शब्द हसण्यावारी नेले जातील ही भीती त्यांची जीभ धरून ठेवते. प्रमाण मराठी अवश्य शिकावी; तिच्यामुळे आपले म्हणणे साऱ्या महाराष्ट्रास समजते. परंतु विचार करावयाचा तो आपल्या घरच्या भाषेत करावा, आणि गावच्या सभेत पऱ्हाटीला पऱ्हाटीच म्हणावे. जो शब्द ऐकताच श्रोत्याच्या डोळ्यांपुढे वस्तू उभी राहते, तो शब्द शुद्ध. ज्या वर्गात एखाद्याच्या बोलीला हसतात, त्या वर्गाला वक्तृत्वाचा पहिला धडाच अजून मिळालेला नाही.

५. सराव

भाषण डोळ्यांनी वाचून तयार होत नाही. ते मोठ्याने, उभे राहून, घड्याळ समोर ठेवून म्हणावे लागते. प्राचीन ग्रीस देशातील डेमॉस्थेनीस हा वक्ता आरंभी अस्पष्ट बोलत असे. तोंडात खडे धरून बोलण्याचा व धावत-चढत काव्य म्हणण्याचा अभ्यास करून त्याने आपली वाणी सुधारली, असे चरित्रकार प्लुटार्क सांगतो. खडे तोंडात धरण्याची आमच्या मुलांस गरज नाही. पण चार दिवस रोज दोनदा मोठ्याने म्हणण्याची गरज निश्चित आहे.

सबंध भाषण शब्दशः पाठ करू नये. पाठ केलेल्या भाषणातील एक शब्द निसटला की पुढची सारी साखळी तुटते. पहिले दोन व शेवटचे दोन वाक्य मात्र पक्के पाठ असावे. कारण आरंभी भीती सर्वांत जास्त असते, आणि शेवट डळमळला तर सर्वच डळमळते. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत केवळ मुद्दे लिहावेत.

सरावास तीन श्रोते बसवावे. त्यांतील एक असा असावा की, ज्याने शाळा पाहिलेली नाही: घरची आजी, शेजारचा गडी, कोणीही. भाषण संपल्यावर ‘कसे झाले?’ असे विचारू नये, कारण ‘छान झाले’ असेच उत्तर येईल. ‘मी काय सांगितले?’ असे विचारावे. आजीने तुमचे एक वाक्य स्वतःच्या शब्दांत परत सांगितले, तर तुमचे भाषण तयार झाले.

६. प्रत्यक्ष सभेत

व्यासपीठावर गेल्यावर लगेच बोलू लागू नये. दोन्ही पाय स्थिर ठेवावे, एक दीर्घ श्वास घ्यावा, सभेकडे पाहावे. सभा शांत होईल. ध्वनिक्षेपकावर टकटक करू नये की त्यात फुंकू नये. तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून नेहमीच्या आवाजात बोलावे. ध्वनिक्षेपक नसेल तर सर्वांत मागे बसलेल्या मनुष्यास उद्देशून बोलावे. एका वाक्यापुरते एकाकडे व दुसऱ्या वाक्यास दुसऱ्याकडे पाहावे. हातांचे हावभाव शिकविल्याप्रमाणे करू नयेत. मनात अर्थ असेल तर हात आपोआप हलतात, आणि अर्थ नसेल तर ते पवनचक्कीसारखे दिसतात.

हल्ली पडद्यावर चित्रे दाखविण्याची सोय पुष्कळ शाळांतून झाली आहे. ती उत्तम आहे, पण पडद्यावर सबंध परिच्छेद लिहून तेच सभेकडे पाठ फिरवून वाचणे हे भाषण नव्हे. पडद्यावर चित्र असावे, शब्द वक्त्याच्या तोंडी असावेत. वीज गेली तर काय करावयाचे हे आधी ठरवून ठेवावे. आमच्या विद्यार्थिनीने तर रंगीत त्रिकोण असलेला एक रिकामा, धुतलेला डबाच हाती धरून दाखवावा; शंभर शब्दांचे काम तो करील.

भीती वाटते, ती वाटणारच. छाती धडधडते, ओठ सुकतात. हे शरीराने कामास सज्ज होण्याचे लक्षण आहे. ह्या भीतीवर आम्हांस ठाऊक असलेला उत्तम उपाय हा की, ‘मी कसा दिसतो?’ हा विचार सोडून ‘ह्यांना हे कळले पाहिजे’ असा विचार करावा. लक्ष स्वतःवरून श्रोत्यावर गेले की भीतीला उभे राहण्यास जागा उरत नाही. आणि कोणी प्रश्न विचारला व उत्तर ठाऊक नसले, तर ‘हे मला माहीत नाही, विचारून सांगते’ असे सरळ म्हणावे, आणि खरोखर विचारून सांगावे.

७. पालकांस विनंती

आपल्या पाल्याचे भाषण आपण लिहून देऊ नका. बाजारातील पुस्तकांतून किंवा भ्रमणध्वनीच्या यंत्रावरून तयार भाषण उतरवूनही देऊ नका. त्याने बक्षीस कदाचित मिळेल, पण मुलाची अशी समजूत होईल की, सभेत बोलावयाचे ते दुसऱ्याचे बोलावयाचे असते. त्यापेक्षा रोज रात्री जेवताना त्याला पाच मिनिटे द्या. आज शाळेत काय शिकलास, बाजारात भाव काय होता, गावात काय घडले, हे त्याला सांगू द्या आणि मध्ये न तोडता ऐका. मुलींना तर हे अधिकच द्या, कारण त्यांना ‘हळू बोल’ असे सांगणारे घरोघर पुष्कळ असतात.

हे सर्व आम्ही बक्षिसासाठी लिहीत नाही. ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल ह्यांना दिलेले निमंत्रण परत घेण्यात आले होते व त्यावरून महाराष्ट्रभर वादळ उठले होते. अशा वेळी उद्घाटक म्हणून उभ्या राहिल्या त्या कळंब तालुक्यातील राजूर गावच्या वैशाली येडे, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नी. शेतकरी स्त्रियांच्या जीवनावरील ‘तेरवं’ ह्या नाटकात त्यांनी भूमिका केली होती. मोठमोठ्या साहित्यिकांपुढे त्या बोलल्या ते स्वतःच्या आयुष्याविषयी, मागे राहिलेल्या बाईच्या वाट्यास काय येते त्याविषयी. संमेलनाध्यक्षा डॉ. अरुणा ढेरे ह्यांच्यासह साऱ्या मंडपाने ते ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्रभरच्या वृत्तपत्रांनी ते छापले. अलंकार फार नव्हते. बोलणारीला विषय अंगोपांग ठाऊक होता, आणि ऐकणाऱ्यांना तो ऐकण्याची गरज होती.

प्रत्येकाला असा मंडप लाभत नाही. परंतु २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर ह्या दिवशी गावोगाव ग्रामसभा भरतात. तेथे पाण्याचा, रस्त्याचा, शाळेच्या गळक्या छपराचा प्रश्न निघतो, आणि ज्याला उभे राहून पाच मिनिटे नीट बोलता येते त्याचे म्हणणे कागदावर उतरते. ज्याला येत नाही त्याचे त्याच्या मनातच राहते. अठरा वर्षांचे झाल्यावर आमचे विद्यार्थी त्या सभेचे सभासद होणार आहेत. त्या दिवसाची तयारी आजच्या वर्गात व्हावयाची आहे. पुढील स्पर्धेसाठी प्रत्येकाने आपल्याच गावचा एक प्रश्न निवडावा, त्याविषयी तीन माणसांना भेटावे, आपले एक वाक्य वहीत लिहावे, आणि ते घरच्या आजीला ऐकवून मग आमच्याकडे आणावे.